पाण्यात गेलेला नारळ

पनवेलला कसली आलीय थंडी, असं माझी पुण्यातली बहीण अजूनही म्हणते. मी वाद घालत नाही. ज्यानं मार्गशीर्षातल्या सकाळी आमच्या तळ्यावर बसलेलं धुकं पाहिलं नाही, त्याला ते सांगून कळत नाही. समोरचा काठ दिसायचा नाही. पायऱ्या ओल्या, हात लावला की गारठा कोपरापर्यंत चढायचा. आणि त्या धुक्यात मंकी कॅप घातलेले निवृत्त पुरुष हात झाडत, खाकरत, या देशाचं काही खरं नाही असं एकमेकांना सांगत तळ्याला फेऱ्या मारायचे. मला ते पुरुष तेव्हाही फारसे आवडत नव्हते. आता तर मुळीच आवडत नाहीत, आणि त्याचं कारण या लिहिण्यात आहे.

गिरगावातली खोली सोडून आम्ही पनवेलला आलो ते दोन हजार सालानंतर. नवरा, सासूबाई आणि मी. तिसऱ्या मजल्यावरचं घर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळं. मी एका विमा कचेरीत कारकून होते, आणि लायब्ररीतून खुनाच्या रहस्यकथा आणून वाचायचा मला नाद होता. पोळ्या लाटता लाटता मी खुनी ओळखायची, आणि शेवटचं पान वाचून नवऱ्याला "बघ, म्हटलं नव्हतं?" असं सुनवायची. तो म्हणायचा, "तुझ्या शेजारी कोणी मेलं ना, तर तू आधी चहा टाकशील आणि मग तपासाला निघशील." हा विनोद त्यानं नंतर कधी केला नाही.

आमच्या इमारतीच्या खालच्या बाजूला, अगदी काठावर, एक बैठं कौलारू घर होतं. तिथे काका-काकू राहायचे. मूलबाळ नव्हतं. काका सरकारी नोकरीतून निवृत्त, हळू बोलणारे, रस्त्यात भेटले की आधी माझ्या हातातली पिशवी घ्यायला धावणारे. काकू म्हणजे गल्लीचं पंचांगच. कोणाला काही अडलं, संकष्टीला चंद्र किती वाजता, ओटी कशी भरायची, की चला काकूंकडे. त्यांनी पुष्कळ वर्षांपूर्वी कुठल्याशा महाराजांचा अनुग्रह घेतला होता, आणि तेव्हापासून त्या घरात मासळी शिरली नव्हती. दोघंही मूळचे खाणारे, अगदी काट्यासकट चघळणारे. पण बाईनं सोडलं म्हणजे घरानं सोडलं. काकांनी सोडलं का, हे कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

आमच्याकडे मासे मार्गशीर्षात बंद आणि श्रावणात बंद, एरवी जोरात. ते आणून द्यायची उरणजवळच्या करंज्याची मावशी. सकाळी बंदरावर लिलावात माल घेऊन पहिल्या गाडीनं ती पनवेलला यायची आणि तळ्याच्या पायऱ्यांपाशी, उंबराखाली पाटी मांडून बसायची. तिच्या आधी तिची सासू तिथेच बसायची. मावशी उंच, हाडापेरानं दणकट, हिरवं लुगडं आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर कोलंबीचा भाव कळावा. मी घासाघीस केली की म्हणायची, "बाय, तुजी कचेरी तुला पगार कमी देते, त्याला मी काय करू?" पण पिशवीत दोन मांदेल्या जास्तच पडायच्या. मंकी कॅपवाल्यांना मात्र ती तिथे नको होती. तळ्याचं सुशोभीकरण व्हायचं होतं आणि सुशोभीकरणात बोंबील बसत नव्हते.

मार्गशीर्षात तिचा धंदा निम्म्यावर यायचा, तरी ती यायची. घरोघरी गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडलेला असायचा. मीही मांडायची, श्रद्धेनं म्हणाल तर अर्धी, सासूबाईंच्या धाकानं अर्धी. तांब्याचा कलश, त्यात पाणी, पाच झाडांच्या डहाळ्या, वर नारळ. संध्याकाळी बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला. शुक्रवारी सकाळी आंघोळ करून हळदकुंकू वाहायचं, देवीला पुन्हा ये म्हणायचं आणि घट हलवायचा. हे सगळं आम्हांला काकूंनी शिकवलं. त्यात एका नियमावर त्यांचा कटाक्ष असायचा: नारळ सगळ्या गुरुवारी तोच, आणि शेवटी तो फोडून त्याचं गोडधोड करायचं. नारळ म्हणजे देवीचं डोकं, ते कोणी पाण्यात फेकतं का, असं त्या विचारायच्या, आणि आम्ही शाळेतल्या मुलींसारखं एका सुरात नाही म्हणायचो.

त्या वर्षीच्या दुसऱ्या गुरुवारी मी दुपारीच घरी आले होते. खिडकीतून पाहिलं तर काकू उंबराखाली मावशीसमोर उभ्या. हात वर, आवाज चढलेला. शब्द कळत नव्हते, पण राग कळत होता. मावशी बसलेलीच, मान खाली. दोन-चार फिरणारे थबकून बघत होते. माझ्या मागे दूध उतू गेलं, मी गॅसकडे धावले, आणि ओटा पुसून परत येईपर्यंत काकू पदर डोळ्यांना लावून तिच्याजवळ खाली टेकल्या होत्या. मला वाटलं, सोवळ्याच्या बाईला काहीतरी शिवलं असणार. मी पडदा ओढून घेतला. संध्याकाळी सासूबाई त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाऊन आल्या. म्हणाल्या, "आज स्वारी भारी खुशीत होती. शेवटचा गुरुवार झाला की या नारळाच्या वड्या करून तुझ्या सुनेला पाठवते म्हणाली."

शुक्रवारी सकाळी मी निर्माल्य घेऊन खाली उतरले तर पायऱ्यांवर गर्दी. अग्निशमन दलाची माणसं काकूंना वर घेत होती. नऊवारीचा काष्टा सुटलेला, केस तोंडावर. कोणीतरी शाल टाकली. पाण्यावर झेंडू, आंब्याची पानं, दोऱ्यानं बांधलेली डहाळ्यांची जुडी, आणि हळदकुंकू लावलेला नारळ, असं सगळं पायरीला येऊन हळूहळू आपटत होतं. काका पायरीवर बसले होते. लोक त्यांना चहा देत होते. "पहाटे उठून निर्माल्य सोडायला गेली. मी झोपलेलो. पाय घसरला असणार," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला रडू फुटलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, हेही सांगून टाकते.

दुपारपर्यंत कळलं की पाय घसरला नव्हता. मानेवर बोटांचे वळ होते. कोणीतरी त्यांना पाण्यात दाबून धरलं होतं.

मग संशय कोणावर यायला काय वेळ? कालचं भांडण चौघांनी पाहिलेलं. मावशी सकाळी नेहमीप्रमाणे पहिल्या गाडीनं आली होती आणि पायऱ्यांवर पाटी धुताना एकानं तिला धुक्यात पाहिलं होतं. ती रोजच धुवायची, पण ते रोजचं आठवायला कोणी तयार नव्हतं. मंकी कॅपवाल्यांच्या जबान्या तर भराभर झाल्या. दणकट बाई आहे, तोंडाळ आहे, हात बघा तिचे. तिला आमच्या डोळ्यांदेखत गाडीत घालून नेलं. पाटी तिथेच राहिली आणि कावळ्यांनी ती संध्याकाळपर्यंत साफ केली.

मला ते पटत नव्हतं, पण न पटण्याला माझ्याकडे कारण नव्हतं. रहस्यकथेत अशा वेळी काहीतरी सापडतं. इथे मी भांडी घासत होते आणि सासूबाई मागे पाटावर सुन्न बसल्या होत्या. मैत्रीण गेली होती त्यांची. त्यांचं मन दुसरीकडे वळवावं म्हणून नव्हे, माझंच मन मोकळं व्हावं म्हणून मी सकाळचं सगळं सांगत होते. फुलं कशी तरंगत होती, डहाळ्या, नारळ.

"नारळ?" सासूबाई म्हणाल्या.

"हो. हळदीकुंकवाचा. पायरीला लागला होता."

"तिचा नारळ?"

मी नळ बंद केला. सासूबाईंचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांना जे कळलं होतं ते त्यांना नको होतं.

"तिनं नाही टाकला तो," त्या म्हणाल्या. "जीव गेला तरी नाही टाकणार. आणि डहाळ्या? त्या घराच्या कोपऱ्यांत ठेवायच्या, तिनंच शिकवलंय. घट तिनं हलवलाच नाही. तिच्या मागे कोणीतरी ते सगळं उचलून पाण्यात टाकलंय. ज्याला काय कुठे जातं ते ठाऊक नाही, असा कोणीतरी."

घरातला कोणीतरी, हे त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार झाले. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून गल्लीनं डबे वाटून घेतले होते. त्या दिवशीचा पिठलंभात आमच्याकडे होता. मी तो घेऊन गेले. काका आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. "ठेव, बाळ," म्हणाले. डबा ठेवायला मी आत गेले आणि देवघराकडे पाहिलं. सुतकात देवाला कोणी हात लावत नाही, त्यामुळे सगळं होतं तसंच होतं. चौरंग, तांदळाची रास, तिच्यावर तांब्याचा कलश. कलशात पाणी काठोकाठ भरलेलं. घट हलवला असता तर ते पाणी तुळशीला गेलं असतं. घराच्या एकाही कोपऱ्यात पान नव्हतं. मी मागच्या दारी जाऊन तुळस पाहिली. माती कोरडी, भेगाळलेली. चाळीस वर्षं हा माणूस मार्गशीर्षातल्या दर गुरुवारी पाटावर बसून पुरणपोळी जेवला होता, आणि शुक्रवारी सकाळी बायको त्या मांडणीचं काय करते हे त्यानं एकदाही मान वळवून पाहिलं नव्हतं. आपल्याकडच्या किती पुरुषांना सांगता येईल? मी घरी जाऊन नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "सगळं विसर्जन करता ना तुम्ही?"

मला इतका राग आला की मी त्याच्याशी त्या दिवशी बोलले नाही. बिचाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता, आणि होताही.

सासूबाई आणि मी चौकीवर गेलो. मावशी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. एका दिवसात तिचा चेहरा उतरला होता. लुगड्याला मासळीचा वास नव्हता, त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं. फौजदार तरुण होता, साताऱ्याकडचा. म्हणाला, "बघा की तुमीच. बाईला एवढंच विचारतोय, भांडण कशावरनं झालं ते सांग. सांगत नाही. मग मी काय समजायचं?"

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "मावशी, सांगा ना. हे लोक तुम्हांला खुनात अडकवतील. जन्मठेप होईल."

"व्हऊ दे."

"असं काय आहे त्यात?"

"ते माजं नाय, बाय. मेल्या मानसाचं हाय. मेल्या मानसाची गोष्ट मी चवाट्यावर नाय आननार." आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. तेवढ्यात सासूबाई खुर्ची ओढून फौजदारासमोर बसल्या आणि त्यांनी नारळाचं सांगायला सुरुवात केली. डहाळ्यांचं, कलशातल्या पाण्याचं, तुळशीचं. तो आधी ऐकत होता, मग हसायला लागला. "आजी, कोर्टात काय नारळाला उभा करू साक्षीला?"

"तुझं लग्न झालंय ना?" सासूबाई म्हणाल्या. "विचार बायकोला."

तो हसतच होता. पण त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि आमच्यासमोर लावला. "अगं, ते गुरुवारचं मांडतेस ना, त्यातल्या नारळाचं तू काय करतीस?" पलीकडचा आवाज आम्हांला ऐकू येत होता. "हात लावला की काय तुम्ही त्याला? आधी सांगा, फोडलात का?" "नाही गं. पाण्यात सोडतीस का?" "पाण्यात? वेड लागलंय का तुम्हांला? तुमच्या आईसुद्धा..." त्याचं हसू हळूहळू गेलं. त्यानं फोन ठेवला. मग टोपी घातली आणि दोन हवालदार घेऊन निघाला.

त्यानं काकांना मारलं नाही, धमकावलं नाही. पुढे सासूबाईंची जबानी घ्यायला आला तेव्हा त्यानंच हे सांगितलं. तो नुसता देवघरासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काका, घट हलवायचा राहिला वाटतं. काकूंनी काय काय नेलं पाण्यात सोडायला?" काकांनी यादी सांगितली: फुलं, पानं, नारळ. "आणि पाणी?" काकांनी कलशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला काय माहीत, त्याचं काय करतात?" आणि तिथेच पाटावर बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

गोष्ट एवढीच होती. काका दुपारी वर्तमानपत्र आणायला म्हणून बाहेर पडायचे आणि उंबरामागे बसून मावशीच्या डब्यातलं जेवायचे. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं सुकं, कधी बांगडा. कित्येक वर्षं. मावशीनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या गुरुवारी, मार्गशीर्षातल्या गुरुवारी, काकूंना ते कळलं, आणि त्या मावशीकडे गेल्या. फिरणाऱ्यांपैकी एकानं काकांना येऊन भांडणाची वर्दी दिली. काका रात्रभर घाबरून पडून राहिले. आता ही महाराजांच्या मंडळात सांगणार, गल्लीत सांगणार, आपली छीथू होणार. पहाटे काकू फुलं काढायला घरामागच्या, तळ्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर गेल्या तेव्हा ते मागोमाग गेले आणि विचारलं, "काय बोललीस तिच्याशी?" काकूंनी उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं. "ती हसली," काका फौजदाराला म्हणाले. "माझ्याकडे बघून हसली." हसली म्हणून त्यांनी तिची मान धरली. मग घरात येऊन कोरडे कपडे घातले आणि ती तळ्यावर का गेली याला काहीतरी कारण हवं म्हणून चौरंगावरचं हाताला येईल ते उचलून पाण्यात टाकलं.

मावशीला सोडलं. तिचा मुलगा येऊन तिला घेऊन गेला. चौकीच्या दारात मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, आता गल्लीला लाज वाटेल. गल्लीला लाज वाटली नाही. आठवड्याच्या आत तळ्यावर दुसराच सूर लागला. बाई पण जरा अतिच कडक होती हो. चाळीस वर्षं मासळी बंद म्हणजे काय गंमत आहे? माणूस किती सोसणार? बिचारा. देवमाणूस, एका क्षणात आयुष्य गेलं. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, काठावरच्या बाकावर, रोज त्या बाईच्या हातचा प्रसाद खाल्लेल्या तोंडांतून. मी थांबले आणि म्हटलं, "मारली गेली ती बाई. बिचारी कोण, ते तरी नीट ठरवा." मी पाठ फिरवल्यावर हिचंही तोंड कमी नाही असं काहीतरी म्हणाले असतील. म्हणोत.

मावशी मात्र परत आली नाही. मार्गशीर्ष संपला, संक्रांत झाली, उंबराखालची जागा रिकामीच. लोक मासळी बाजारातून आणायला लागले. मंकी कॅपवाल्यांना न मागता जे हवं होतं ते मिळालं, या विचारानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी एका रविवारी मी एसटीनं उरणला आणि तिथून रिक्षानं करंज्याला गेले. तिला सांगायचं होतं की या, जागा तुमचीच आहे, मी पहिली गिऱ्हाईक येऊन उभी राहते.

ती बंदराच्या मागे वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, बोंबील वाळत घालत होती. दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून दोरीवर टाकायचे. मला पाहून तिला आनंद झाला, पण हात थांबला नाही. मी माझं भाषण केलं. तिनं पुरतं ऐकून घेतलं.

"नाय येनार, बाय."

"लोकांना घाबरता?"

"लोकांना काय घाबरायचंय? मी तिथं बसले का ती आठवते."

"पण तुमची काय चूक? भांडायला त्या आल्या. तुम्ही त्यांच्या नवऱ्याला जेवायला घातलं, एवढंच ना?"

मावशीनं हातातले बोंबील टोपलीत ठेवले. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं की आणखी कशानं, कळत नव्हतं. "ती भांडाया आलती, खरं हाय. लय बोलली. आनि मग खाली बसली, रडाया लागली. मना म्हनते कशी, माज्या हातचं तो मान खाली घालून जेवतो. कंदी बरं हाय का वाईट हाय सांगत नाय. तुज्याकडं चोरून येतो म्हंजे तुज्या हाताला काय तरी हाय. मना शिकव."

"काय शिकव?"

"म्हावरं. म्हनली, मार्गशीर्ष संपला का मना बोंबील आनून दे, मी त्याला माज्या घरात, माज्या चुलीवर करून वाढीन. महाराजांना काय सांगायचं ते माजं मी बघीन. पन तोवर बोलू नको कुनाला. त्याला तर नायच नाय. ताटात बघू दे एकदम. रडता रडता हसली ती, बाय. एवढी मोठी बाई, नवी नवरी जशी हसते तशी."

मी तिथल्या एका उपड्या होडक्यावर बसले. काका ज्या हसण्यानं पिसाळले, ते हसणं आता मला दिसत होतं.

"मग हे चौकीत का नाही सांगितलंत?" मी शेवटी विचारलं, आणि माझा आवाज चढला होता. "स्वतःचा जीव टांगणीला लावलात!"

"काय सांगू? हेच का, ती मेलेली अनुग्रहाची बाई, मार्गशीर्षात, गुरुवारी, म्हावरं मागत होती? तुमचे ते तळ्यावरचे लोक हसले असते तिला. जितेपनी मना तोंड बंद ठेव म्हनली. मेल्यावर उघडू?"

मला एकच दिसत होतं, तो आरामखुर्चीतला माणूस, "ठेव, बाळ" म्हणणारा. "त्या माणसाला हे कळलंच पाहिजे," मी म्हटलं. "तुरुंगात जाऊन सांगते मी. त्यानं काय केलंय ते त्याला कळू दे. रोज आठवू दे."

मावशीनं माझं मनगट धरलं. तिची पकड मला हाडापर्यंत जाणवली.

"नाय सांगायचं. त्याला कललं तर तो रडल. लय रडल. आनि तो रडला का सगलं पनवेल त्याच्या नावानं रडल. तिच्या नावानं कोन रडलंय?"

मी कबूल केलं. तिनं मला वाळलेल्या बोंबलांची जुडी बांधून दिली, पैसे घेतले नाहीत. काका खटला उभा राहायच्या आधीच तुरुंगाच्या दवाखान्यात हृदयविकारानं गेले. तळ्यावर दोन मिनिटं शांतता पाळली गेली. ती त्यांच्यासाठी होती.